बँडवाल्यांचा मास्क

बँडच्या धंद्यात वाजवणं कमी आणि थांबणं जास्त असतं. नवरदेवाची दाढी व्हायची असते, घोडीवाला कुठल्यातरी फाट्यावर चहा पीत असतो, कोणाची तरी आत्या रुसून बसलेली असते आणि आम्ही दहा-बारा माणसं लाल कोट घालून टेम्पोच्या सावलीत घाम पुसत असतो. अशा ठिकाणी किस्से नाही साचणार तर काय साचणार, राजेहो? एका सीझनचं एक पोतं भरतं. त्यातले मास्कचे किस्से मी वेगळे काढून ठेवले आहेत. कारण सगळ्या जिल्ह्यातून मास्क गेला, तरी आमच्या बँडमधून तो सगळ्यांत शेवटी गेला.

मी साईड ड्रमवाला. सीझन नसला की कारंजा घाडग्याला हायवेच्या कडेला पंक्चर काढतो. वाजवताना माझ्या तोंडात काही नसतं, त्यामुळे बँडमधली सगळी बोलाचाली माझ्याकडे. मालकाला आम्ही मास्टर म्हणतो. ट्रम्पेटवर रमेश आहे, त्याची जीभ ट्रम्पेटपेक्षा तेज. आणि सगळ्यांत पुढे, बरोबर मधोमध, क्लॅरोनेटवर देवमनकाका. तीन एकर शेती, साठीला आलेला माणूस, बोलायला गेलं तर दिवसाला दहा वाक्यं. बाकीचं सगळं तो क्लॅरोनेटमधून बोलतो.

काकाची एकच इच्छा होती आणि ती अख्ख्या तालुक्याला माहीत होती. लेक प्रज्ञा तिसरीत होती तेव्हापासून तो म्हणायचा, तिच्या लग्नात मीच वाजवणार. काकूचा नकारही तेव्हापासूनचाच आणि तोही अख्ख्या तालुक्याला माहीत होता. काकूच्या आज्याने बुद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा गावासाठी वाजवायची हलगी खाली ठेवली, ती कायमची. काकू म्हणायची, आपल्या लोकांनी दुसऱ्याच्या दारात वाजवणं सोडलं आणि तुम्ही हौसेनं पुन्हा उभे राहिले. राहा उभे. पण लेकीच्या लग्नात बाप मंडपाच्या दारात दिसला पाहिजे, रस्त्यावर नाही.

काका म्हणायचा, ते वाजवणं हुकमाचं होतं, हे माझ्या मनाचं आहे. दोघांचंही खरं होतं, म्हणून मला दोघांचाही राग यायचा. एक जण खोटा असता तर भांडण मिटवता तरी आलं असतं.

*

मास्क आला तेव्हा त्याला काय म्हणायचं यावरच आमच्यात एकमत नव्हतं. मास्टर म्हणायचे 'माक्स'. काकू म्हणायची 'तोंडपट्टी'. तहसीलच्या कागदावर लिहून आलं 'मुखपट्टी'. प्रज्ञा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नर्स, ती 'एन-पंच्याण्णव' असे नुसते आकडे सांगायची. रमेशच्या शेजारच्या गुरुजींनी तर 'मुखाच्छादन' असा शब्द काढला. तो म्हणेपर्यंत मास्क नाकावरून घसरायचा.

बंदी उठल्यावर पहिली सुपारी रोहण्याची मिळाली. टेम्पोतून उतरलो, सगळ्यांच्या तोंडाला पट्ट्या. पाराजवळ एक आबाजी बसले होते. त्यांनी आम्हाला खालून वर, वरून खाली पाहिलं. आता डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलाने चालता चालता पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, तिला मुसकं म्हणतात. आबाजींना तेच आठवलं.

"काऊन बे, एवढ्या जनायले मुसके बांधले? कोनाचं पीक खाल्लं?"

रमेश म्हणाला, "अजून खाल्लं नाई, आबाजी. पंगत बाकी हाये."

त्या दिवसापासून रोहण्यात आमचं नाव मुसकेवाले पडलं. अजूनही त्याच नावाने फोन येतो.

*

आता मुख्य अडचण. ड्रमवाल्याने मास्क लावला तर काही बिघडत नाही. पण ट्रम्पेटवाल्याने काय करायचं? मास्टरांनी पुढच्या सुपारीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना दम दिला होता की कोणाचाही मास्क खाली दिसला तर उद्यापासून घरी बसा. रमेशने तो दम मनावर घेतला. सकाळी आला तो मास्कला ब्लेडने गोल भोक पाडून. भोकातून ओठ बाहेर! बाकीच्या फुंकणाऱ्यांनी ते पाहिलं आणि दहा मिनिटांत सगळ्यांच्या मास्कला भोकं. देवमनकाकाने तर घरी पळत जाऊन भोकाला काज करून घेतलं, शर्टाच्या बटणाला असतं तसं. काकूकडून.

हायवेच्या नाक्यावर हवालदाराने टेम्पो थांबवला. त्याने टॉर्च नसतानाही टॉर्च मारल्यासारखं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे काय हाये?"

"मास्क हाये, साहेब," रमेश म्हणाला.

"अन् हे भोक?"

"भोक कुठी हाये, साहेब? ट्रम्पेट लावला का भोक बंद." आणि त्याने लावून दाखवला.

हवालदार विचारात पडला. माणूस भला होता, पण नियमाचा पक्का. शेवटी त्याने निकाल दिला. वाजवत असाल तोवर तोंड झाकलेलं आहे, हे त्याला मान्य. वाजवणं थांबलं की भोक उघडं, म्हणजे नियम मोडला. तेव्हा जायचं असेल तर वाजवत जा.

मग काय, नाक्यापासून लग्नाच्या गावापर्यंत आम्ही चालत्या टेम्पोत वाजवत गेलो. नवरदेव नाही, घोडी नाही, वऱ्हाडी नाहीत. मोकळा हायवे आणि टेम्पोत बसून जोरजोरात लग्नाची गाणी. एका ढाब्यावर ट्रकवाले जेवत होते, ते हात न धुता उठले आणि नाचायला लागले. लग्नघरी पोचलो तेव्हा फुंकणाऱ्यांच्या अंगात दम उरला नव्हता. वरात मी आणि ढोलवाल्याने दोघांनीच नेली.

नवरदेवाच्या मामाने विचारलं, बाकीचे काऊन वाजवून नाई राह्यले? मास्टर म्हणाले, "ते वाजवून आले."

*

त्यानंतर काकूनेच सगळ्या बँडसाठी मास्क शिवले. कोटाचं उरलेलं लाल कापड, कडेला तीच सोनेरी लेस, फुंकणाऱ्यांच्या मास्कला मधोमध काज. लाल रंगाचं कारण वेगळंच होतं. मास्टरांना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो. तोंडात खर्रा धरला की त्यांना मास्कचं भान राहत नाही. दोन-तीन पांढऱ्या मास्कची जी दशा झाली, ती पाहून काकूने ठरवलं की यांच्या तोंडावर लालच पाहिजे. मास्टरांना वाटलं, युनिफॉर्मला शोभेल म्हणून केलं. अजूनही त्यांना तसंच वाटतं, कोणी सांगू नका.

तर हे लाल मास्क लावून, कोट काढून आम्ही आर्वीकडच्या एका लग्नात पंगतीजवळ उभे होतो. त्या वर्षी पैसेवाल्या घरांमध्ये सगळ्या घराचे एकसारखे मास्क शिवायची टूम निघाली होती. मुलीकडच्या एका म्हाताऱ्या माणसाने आमचे सोनेरी लेसचे मास्क पाहिले आणि धावतच आला. हात जोडले, पहिल्या पंगतीला बसवलं, आग्रहाने वाढलं. रमेशच्या डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला. रमेशनेही डोळे मिटून मान झुकवली, जन्मभर व्याही असल्यासारखी.

खरे व्याही मागून आले. त्यांच्या तोंडाला दुकानातला साधा निळा मास्क. त्यांना त्याच म्हाताऱ्याने अदबीने सांगितलं, "वाजवनाऱ्यायची पंगत मांगून हाये, तुमी जरा बसा तिकडं."

आम्ही पोट धरून हसलो. देवमनकाका हसला नाही. हातात घास तसाच धरून बराच वेळ तो त्या खऱ्या व्याह्याकडे पाहत राहिला. घरी जाताना टेम्पोत मला म्हणाला, पाहिलं ना, कापड बदललं का माणूस बदलते. मी काहीतरी चेष्टा केली आणि विषय टाळला. टाळायला नको होता.

*

प्रज्ञाला पाहायला आले तो दिवस मी प्रत्यक्ष पाहिला आहे, कारण खुर्च्या माझ्या दुकानातून गेल्या होत्या. मुलगा आष्टीकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याचे वडील उंचपुरे, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

पाहुणे आले आणि मुलीचाच पत्ता नाही. ड्युटी लांबली होती. तासाभराने ती आली ती थेट दवाखान्यातून, बस बदलत. आत जाऊन तयार व्हायलाही वेळ नव्हता. तिने मास्क काढला. बारा तास घट्ट बांधलेल्या मास्कचे वळ गालांवर, नाकावर लाल रेघ. मुलाच्या आईने काळजीने विचारलं, हे डाग कायचे?

प्रज्ञा म्हणाली, "ड्युटीचे हायेत, काकू. उद्या सुट्टी हाये, उद्या येजा. मंग नाई दिसनार."

घरातले सगळे जागच्या जागी गार. पण मुलाच्या वडिलांनी असा काही हशा केला की बाहेरची कोंबडी उडाली. लग्न तिथंच ठरलं म्हणा ना.

मग त्यांनी देवमनकाकाला विचारलं, आपण काय करता? काकाने तोंड उघडलं, पण त्याआधी काकूच बोलली. म्हणाली, शेती करतात. खोटं नव्हतं ते. तीन एकर आहेच. काकाने वर आलेला मास्क आणखी वर ओढला. साखरपुड्यातही पांढरा कुर्ता, चष्मा आणि मोजून चार शब्द. क्लॅरोनेटचं नाव कोणी काढलं नाही.

मला तेव्हा काकूचा राग आला होता. आता वाटतं, तिला लेकीच्या सासरी कोणी 'वाजवणाऱ्याची पोरगी' म्हणू नये एवढंच पाहिजे होतं. यात काय चुकलं तिचं?

*

लग्नाची तारीख लागेपर्यंत मास्कचा नियम उठला. लोकांनी मास्क काढले ते कुठे कुठे लावले ते विचारू नका. मास्टरांनी ट्रम्पेटच्या तोंडाला बांधला, आत गांधीलमाशी घर करते म्हणून. रमेशच्या बायकोने कोवळ्या कारल्यांना बांधले. माझ्या दुकानात चार मास्क ग्रीस पुसायला आहेत, इतकं चांगलं फडकं मी आजवर वापरलेलं नाही. रोहण्याच्या एका माणसाने तर वासराला बांधला, आईचं दूध चोरून पितं म्हणून. म्हणजे आबाजींचं मुसकं शेवटी खरं झालं.

आणि नेमकं तेव्हा मुलाचे वडील आमच्या मास्टरांच्या दारात हजर. पोराच्या वरातीला बँड पाहिजे. लग्न मुलीच्या गावी आहे, तालुक्यात सगळे तुमचंच नाव घेतात. विशेषतः तो क्लॅरोनेटवाला म्हणे फार भारी आहे, तो पाहिजेच.

मास्टरांच्या तोंडातला खर्रा तोंडातच राहिला. त्यांनी हो म्हटलं आणि पाहुणे गेल्याबरोबर काकाला बोलावलं. आम्ही सगळे जमलो. काकाने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्क लावून वाजवतो. कोनी वळखत नाई."

मास्टर म्हणाले, अरे बाबा, आता जगात कोणी मास्क लावत नाही. एकट्याने लावला तर उलट सगळे तुझ्याकडेच पाहतील.

तेव्हा रमेश उठला. ज्याला आम्ही आजवर एकही शहाणं वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "मंग सगळेच लावू."

ठरलं. डाव असा होता. जानोशापासून, म्हणजे वरपक्ष उतरला होता त्या शाळेपासून, विहाराच्या वळणापर्यंत काका वाजवणार. लाल कोटाच्या आत पांढरा कुर्ता घालूनच यायचं. वळणावर रमेशने ट्रम्पेट उचलायचा, काकाने मागच्या बोळातून जायचं, कोट-टोपी-मास्क काढायचा आणि वरात पोचायच्या आत मंडपाच्या दारात वधूपिता म्हणून उभं राहायचं. इच्छाही पुरी, काकूचा शब्दही खाली पडला नाही. पाच मिनिटांचं काम.

*

लग्न साडेअकराचं. ऊन असं की ड्रमच्या कड्या हाताला चटका देत होत्या, आणि आम्ही बारा जण सोनेरी लेसचे लाल मास्क लावून उभे. वऱ्हाडी विचारत होते, अजून मास्क कायले? रमेश प्रत्येकाला नवं कारण सांगायचा. एकाला म्हणाला घोडीला शिंका येतात. एकाला म्हणाला नवस आहे.

काकाने क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि, काय सांगू तुम्हाला, मी तीस वर्षं या माणसामागे ड्रम वाजवतो आहे, पण तसं ऐकलं नव्हतं. त्याने घाईचं, नाचाचं काही घेतलंच नाही. आपलं ठेवणीतलं जुनं गाणं धरलं, संथ. नाचणारी पोरं आधी वैतागली, मग हळूहळू त्या चालीवर डोलायला लागली. माझा हात चालत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ऊन होतं म्हणा. ऊन काही डोळ्यांत जात नाही, हे मलाही कळतं.

विहाराचं वळण आलं. रमेशने ट्रम्पेट उचलला. काका एक पाऊल मागे सरला. तेवढ्यात मुलाचे वडील गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी आपला भला मोठा हात काकाच्या खांद्यावर टाकला.

"तुमी नाई जायाचं कुठी. मंडपापर्यंत तुमीच."

आणि तो हात तिथून हललाच नाही! काका वाजवतो आहे, व्याही त्याच्या खांद्यावर हात टाकून सोबत चालत आहेत, डुलत आहेत. मी मास्टरांकडे पाहिलं, मास्टरांनी आभाळाकडे पाहिलं. रमेशने मध्येच ट्रम्पेट फुंकून पाहिला, तर व्याह्यांनी त्याला हातानेच थांबवलं. मागचा बोळ निघून गेला. समोर मंडपाचं दार दिसायला लागलं.

दारात काकू उभी होती. पांढरी साडी, हातात फुलांचं ताट. तिच्या बाजूला वधूपित्याची जागा मोकळी. काकाचा धाकटा भाऊ तिथे घामाघूम होऊन सगळ्यांना सांगत होता, दादा कपडे बदलून राह्यले, आता येतात, आता येतात. किती वेळ सांगणार? वरात दाराशी येऊन थांबली. नवरदेव घोडीवरून उतरायचा तो व्याही भेट झाल्यावर. कोणीतरी व्याह्यांच्या हातात झेंडूचा जाड हार दिला.

व्याह्यांनी एका हातात हार धरला. दुसरा हात अजून काकाच्या खांद्यावरच. त्यांनी दारात पाहिलं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि मोठ्या आवाजात काकूला विचारलं, "व्याही कुठी गेले जी?"

माझा हात ड्रमवर चालत होता. आता ही बाई काय बोलते यावर सगळं होतं. काही नाही, नुसतं 'आत आहेत' म्हटलं असतं तरी वेळ मारून नेता आली असती. काकाने डोळे मिटून घेतले होते. वाजवणं मात्र सोडलं नव्हतं. बहुतेक त्याला वाटलं असेल, एवढं तरी पूर्ण करू.

काकूने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि पदर नीट केला.

"तुमचा हात ज्यायच्या खांद्यावर हाये, तेच," ती म्हणाली. "गानं संपू द्या त्यायचं. मंग भेट घ्या."

व्याह्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हाताखालच्या लाल कोटाकडे पाहिलं. काकाने डोळे उघडले. गाणं तसं संपतच आलं होतं, शेवटची ओळ बाकी होती. काकाने ती वाजवली आणि श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्यांदाही संपवलं नाही. तिसऱ्यांदा त्याने मुखडा धरला तेव्हा व्याह्यांनी हार आपल्याच मनगटावर अडकवला, दोन्ही हात वर केले आणि मंडपाच्या दारात नाचायला लागले.